पैसे भरले, शिक्का तसाच

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर ट्रायलवर वापरलं की तयार व्हिडिओवर कंपनीचं नाव तिरकं, मोठ्या अक्षरांत उमटतं. सोसायटीच्या गणपतीचा व्हिडिओ असो की ऑफिसातल्या कुणाच्या सेंड-ऑफचा, तुम्ही ते कुठेतरी पाहिलंच असेल. आपण त्याला वॉटरमार्क म्हणतो. किन्हवलीला माझा आतेभाऊ लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो, तो त्याला ‘शिक्का’ म्हणतो. मला त्याचाच शब्द बरोबर वाटतो, कारण सरकारी कागदावरच्या शिक्क्यासारखाच हासुद्धा नेमका वाचायच्या मजकुरावर बसतो.

तर माझं म्हणणं असं आहे. ट्रायलवर शिक्का मारायचा कंपनीला पूर्ण हक्क आहे. फुकट कुणी का द्यावं? पण गिऱ्हाइकाने पैसे भरल्यावर जुन्या कामावरचा शिक्का उतरवून देणं हीसुद्धा कंपनीचीच जबाबदारी आहे. आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर ही जबाबदारी तीन शब्दांत झटकून टाकतात: पुन्हा एक्स्पोर्ट करा.

हे तीन शब्द आपल्यासारख्यांना सोपे वाटतात. एसी ऑफिस, एसएसडी, क्लाउडवर बॅकअप, एक बटण दाबा आणि कॉफी घेऊन या. किन्हवलीत जरा वेगळं आहे. आसनगावला लोकलमधून उतरायचं, शहापूर मागे टाकायचं आणि मुरबाडच्या दिशेने निघायचं, वाटेत हे गाव लागतं. आजूबाजूच्या पाड्यांचा बाजारहाट इथेच होतो. आतेभावाचा स्टुडिओ म्हणजे एक गाळा, एक पीसी, दोन कॅमेरे आणि एक इन्व्हर्टर, जो लाईट गेल्यावर पीसी नीट बंद करण्यापुरताच पुरतो. चार तासांचं रेंडर साडेतीन तासांवर असताना लाईट गेली की पहिल्यापासून सुरू! (वॉटरमार्कला मराठीत जलचिन्ह असा छान शब्द आहे. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. जल तिकडे आणि जलचिन्ह इकडे अशी वाटणी झालेली दिसते. असो.)

लग्नसराईत त्याच्याकडे एका दिवशी हळद आणि दुसऱ्या दिवशी लग्न असं लागोपाठ काम असतं. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी असते हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. मेमरी कार्डं मोजकी, हार्ड डिस्क भरलेली. आजच्या लग्नाचं शूटिंग कॉपी करून कार्ड उद्याच्या हळदीसाठी फॉरमॅट करायचं, असं चालतं. आणि लोक अजूनही विचारतात, “कॅसेट झाली का आमची?” कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन डीव्हीडी आणि आता पेनड्राइव्ह, पण नाव कॅसेटच.

२०२३ च्या लग्नसराईत त्याने नवीन सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं. तोवर त्याच्याकडे होतं ते, स्पष्टच सांगायचं तर, क्रॅक केलेलं. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं, अँटीव्हायरस बंद करून टाकलेलं. एकदा त्या क्रॅकसोबत व्हायरस आला, अख्ख्या महिन्याचं काम गेलं, तेव्हा त्याने ठरवलं की आता रीतसर घ्यायचं. पण पैसे लग्नसराई संपल्यावर हातात येणार. म्हणून तोवर ट्रायल. ज्यांची घाई होती त्यांना शिक्क्यासकट ‘कच्ची कॉपी’ दिली आणि जूनमध्ये पक्की देतो असा शब्द दिला. ट्रायलवर धंद्याचं काम करणं बरोबर आहे का? नाही. बहुतेक ट्रायलच्या अटींमध्ये ते बसत नाही. पण जूनमध्ये त्याने खरोखरच पूर्ण पैसे भरले. असं करणारा शूटिंगवाला मला तरी आमच्या पट्ट्यात दुसरा माहीत नाही.

पैसे भरले, की टाकली, ‘अॅक्टिव्हेटेड’ असं हिरवं अक्षर आलं. त्याने जुना प्रोजेक्ट उघडून प्ले केला. शिक्का तसाच. मला फोन आला, “दादा, पैसे तर कापले. मग हा जात का नाय?”

पुढचे दोन वीकएंड मी त्याच्या गाळ्यात बसून काढले. शिक्का एकाच जागी नसतो हे तिथे नीट कळलं.

आधी हे समजून घेऊ. प्रोजेक्ट फाईल म्हणजे आचाऱ्याकडची यादी: अमुक क्लिपचा अमुक सेकंद घ्या, त्याच्यावर हा इफेक्ट, खाली हे गाणं. त्यात व्हिडिओ नसतोच, व्हिडिओकडे बोट दाखवलेलं असतं. एक्स्पोर्ट म्हणजे त्या यादीवरून शिजवलेलं जेवण. शिक्का मारला जातो तो शिजवताना. त्यामुळे यादी स्वच्छ असते, लायसन आल्यावर त्याच यादीवरून पुन्हा शिजवलं की बिनशिक्क्याचं जेवण मिळतं. ‘पुन्हा एक्स्पोर्ट करा’ यामागचं तर्कशास्त्र एवढंच. शिजलेल्या आमटीतून मीठ काढता येत नाही, नवीन आमटी करा.

मग आमच्या टाईमलाईनवर शिक्का का दिसत होता? पहिलं कारण साधं निघालं: कॅश. प्रिव्ह्यू अडखळू नये म्हणून सॉफ्टवेअर जड भाग आधीच रेंडर करून डिस्कवर ठेवतं. ते तुकडे ट्रायलच्या काळात झालेले, म्हणून त्यांच्यावर शिक्का. लायसन आलं तरी सॉफ्टवेअर जुनेच तुकडे दाखवत राहतं, कारण त्याच्या लेखी प्रोजेक्टमध्ये काहीच बदललेलं नाही. कॅश पुसली की काम झालं. दाविंची रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी ‘प्लेबॅक’ मेनूत ‘डिलीट रेंडर कॅश’ असा पर्याय आहे, बाकीच्यांमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी लपलेला असतो. आपण रोज ब्राउझरची कॅश पुसणारी माणसं, आपल्याला हे लगेच सुचतं. पण ज्याने नुकतेच हजारो रुपये मोजलेत त्याला हे का सुचावं? आणि लायसन अॅक्टिव्हेट होताना ट्रायलची कॅश आपोआप पुसायला कितीसा कोड लागतो? एका दुपारचं काम आहे हो!

दुसरं कारण जरा चिडचिड करणारं. कॅश पुसल्यावर शिक्का बहुतेक ठिकाणचा गेला, पण नवरा-नवरीच्या नावाची फुलं उडणारी पाटी जिथे होती तिथे राहिला. नीट पाहिलं तर तो शिक्का वेगळाच होता, वेगळ्या कंपनीचा. ती पाटी एका प्लगइनमधून आली होती आणि ते प्लगइनही ट्रायलवरच होतं. लग्नाच्या एडिटिंगचा धंदा एडियस आणि प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरइतकाच विकत मिळणाऱ्या तयार ‘प्रोजेक्ट्स’वर आणि प्लगइन्सवर चालतो. प्रत्येकाचं लायसन वेगळं. आम्ही ते प्लगइन काढून साधी पाटी केली. फुलं उडाली नाहीत, कुणाचं काही बिघडलं नाही.

तिसरं कारण मात्र असं होतं की त्याच्यापुढे माझी अख्खी डिग्री गप्प बसली.

त्या हंगामातल्या एका आगरी लग्नात धवळारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाणे-रायगड पट्ट्यातल्या आगरी लग्नांत विधींच्या वेळी पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, म्हणणारी बाई. एकेकाळी लग्न तीच लावायची. हळद दळण्यापासून प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ, कुठे लिहिलेलं नाही. आता डीजेपुढे तिला कोण विचारतो! पण या घरच्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. म्हातारी पंच्याहत्तरीच्या पुढची, कपाळावर हिरवं गोंदण, अकरा मिनिटं एकटी म्हणत होती. आतेभावाने कॅमेरा हलवला नाही, ही त्याची समज.

पण मागे जनरेटरची घरघर होती. म्हणून त्याने तेवढा भाग वेगळा काढला, आवाज साफ केला, एक सलग फाईल एक्स्पोर्ट केली आणि तीच फाईल परत टाईमलाईनवर घेतली. मूळ क्लिप्स मोठ्या होत्या, डिस्क भरली होती, दुसऱ्या दिवशी हळद होती. त्या पुसल्या. फाईलवर शिक्का आहे हे त्याला दिसत होतं. पण त्याचा हिशेब असा होता की ट्रायलमध्ये शिक्का सगळीकडेच दिसतो, लायसन घेतलं की सगळा एकदमच जाईल. आणि हा हिशेब चुकीचा आहे हे त्याला कळणार कसं? सॉफ्टवेअरने आपल्याच शिक्क्याची फाईल मुकाट्याने परत आत घेतली. ‘ही फाईल ट्रायलमध्ये बनलेली आहे, हिच्यावरचा शिक्का कधीच जाणार नाही, मूळ क्लिप्स जपून ठेवा’ असं एक वाक्य त्या वेळी दाखवलं असतं तर बास होतं. कॅमेऱ्याने कोणती लेन्स लावली होती हेसुद्धा ज्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं, त्यांच्यात ‘ट्रायल’ असा एक शब्द लिहायला जागा नसते काय?

त्याच पावसाळ्यात म्हातारी गेली.

मग घरच्यांनी आणि आम्ही मिळून शोधाशोध केली. कार्डावर रिकव्हरी चालवून पाहिली, पण त्याच्यावर पुढची तीन लग्नं लिहिली गेली होती. त्यानंतर आतेभावाने इंटरनेटवरचं एक ‘वॉटरमार्क रिमूव्हर’ चालवलं, हल्ली एआयवाले मिळतात ते. शिक्का गेला. म्हातारीच्या कपाळावरचं गोंदणही गेलं. त्या प्रोग्रामच्या लेखी दोन्ही नको असलेले डागच. शिवाय जिथे अक्षर तिच्या गालावरून गेलं होतं तिथे त्याने एक नवीनच गुळगुळीत गाल बनवून बसवला. अशी साधनं झाकलेलं परत आणत नाहीत, आजूबाजूचं पाहून तिथे काय असावं याचा अंदाज रंगवतात. रस्त्यावरच्या गाडीच्या व्हिडिओला ते चालेल, गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याला नाही. ती फाईल आम्ही कुणाला दाखवली नाही.

मी दुसरा रस्ता धरला आणि तो तांत्रिक आवड असणाऱ्यांसाठी सांगतो. शिक्का अर्धपारदर्शक होता. म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर दिसणारा रंग हा दोन गोष्टींची बेरीज: शिक्क्याचा रंग गुणिले त्याची दाटी, अधिक मूळ रंग गुणिले उरलेला भाग. शिक्क्याचा रंग आणि दाटी कळली तर मूळ रंग शाळेतल्या बीजगणिताने निघतो, अंदाज लावावा लागत नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याच सॉफ्टवेअरचं ट्रायल टाकून एक पूर्ण काळी आणि एक पूर्ण पांढरी क्लिप एक्स्पोर्ट केली. दोन्हींतल्या फरकावरून प्रत्येक ठिपक्याची दाटी मिळाली. मग अकरा मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १६,५०० फ्रेमवर पायथन चालवलं. कल्पना काही माझी नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की एकच शिक्का पुष्कळ फोटोंवर तसाच्या तसा असेल तर तो आपोआप ओळखून काढता येतो. त्यांचा रोख फोटो विकणाऱ्या साइट्सना सावध करण्यावर होता.

निकाल? बराचसा. गाल परत आला, गोंदण जागेवर राहिलं. पण अक्षरांच्या कडा पूर्ण अपारदर्शक होत्या, तिथे दाटी पूर्ण, म्हणजे मूळ रंगाचा अंशही शिल्लक नाही. शून्याने भागता येत नाही हो. त्यात कॉम्प्रेशनने शिक्क्याच्या आजूबाजूचे बारकावे आधीच खाल्लेले. त्यामुळे आता अकरा मिनिटं म्हातारीच्या चेहऱ्यावर केसासारख्या पातळ रेघांनी एका कंपनीचं नाव लिहिलेलं आहे, ज्या कंपनीला त्या कामाचे पूर्ण पैसे मिळालेले आहेत.

हे कायद्याने बरोबर की चूक असं एका मित्राने विचारलं. मी वकील नाही, पण वाचलं ते असं. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम १७ आहे. मोबदला देऊन एखाद्याकडून फिल्म बनवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा तिचा पहिला मालक बनवून घेणारा. म्हणजे लग्नाच्या फिल्मचे मालक घरचे लोक. शूटिंगवालाही नाही, सॉफ्टवेअर कंपनी तर नाहीच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात हक्काचा भंग करण्याचा हेतू ही अट आहे. मालकाने, लायसनचे पैसे भरल्यानंतर, आपल्याच आजीच्या चेहऱ्यावरची अक्षरं पुसली तर यात कुणाच्या हक्काचा भंग झाला ते मला तरी दिसत नाही.

जलचिन्हाची मूळ कल्पना उलटी होती हेही गमतीचं आहे. तेराव्या शतकात इटलीतल्या फाब्रियानोच्या कागद बनवणाऱ्यांनी ते सुरू केलं, कागद आपल्याच गिरणीचा हे कळावं म्हणून. आपली नोट उजेडात धरली की गांधीजी दिसतात, ते नोट खरी आहे हे सांगायला. ट्रायलचा शिक्का सांगतो की हे काम खरं नाही. बरं, १९९० च्या दशकात व्हॅटिकनच्या ग्रंथालयाची हस्तलिखितं आयबीएमने स्कॅन केली तेव्हा इंटरनेटवरच्या प्रतींवर दिसेल असा शिक्का मारला होता, पण मूळ स्कॅन वेगळे राहिले. ही साधी शिस्त आहे: शिक्का प्रतीवर, मुळावर नाही.

आता कुणी म्हणेल, फुकटची सॉफ्टवेअर आहेत की. केडेनलाईव्ह आहे, शॉटकट आहे, शिक्का नाही, पैसे नाहीत. खरं आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मीही तेच सांगतो. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीसुद्धा चांगली: शिक्का येतो तो स्टुडिओ आवृत्तीचा इफेक्ट लावला तरच, आणि तोही लावल्याबरोबर समोर दिसतो. पण ज्याचे पाच-सात वर्षांचे तयार प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्याला ऐन धंद्यात ‘बदल’ म्हणणं म्हणजे सुताराला हत्यारं फेकून दे म्हणण्यासारखं आहे.

आणि खरा मुद्दा पैसे भरणाऱ्याचा आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्याच बीएसए या संघटनेने २०१८ साली छापलेल्या पाहणीत भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण २०१७ साठी ५६ टक्के दिलं होतं. अर्ध्याहून जास्त. हे आकडे बघून कंपन्या भारतीय गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडतात. पण बघा, क्रॅक वापरणाऱ्याला शिक्का आयुष्यात कधी दिसला नाही. शिक्का दिसला तो ज्याने सरळ वाटेने जायचं ठरवलं त्याला. त्यात वाट तरी सरळ आहे का? किंमत डॉलरमध्ये, वर १८ टक्के जीएसटी, कार्डच पाहिजे. अॅडोबीने २०१३ पासून एकदाच विकत घ्यायची सोय बंद करून वर्गणी सुरू केली, बाकी बरेच त्याच रस्त्याने गेले. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा नियम आला आणि कार्डावरून आपोआप कटणारी परदेशी वर्गणी बऱ्याच जणांची मध्येच अडकली. ज्याचा धंदा वर्षातले पाच महिने चालतो, त्याने बारा महिन्यांची वर्गणी का भरावी, हा आतेभावाचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक गोष्ट तर सहज करता येण्यासारखी आहे. शिक्का मारताना त्याच्याखाली झाकला जाणारा चतकोर भाग कुलूपबंद करून त्याच फाईलमध्ये ठेवायचा. लायसन आलं की किल्ली लागते, झाकलेलं परत जागेवर बसतं. पुन्हा रेंडर नको, मूळ क्लिप नको, चार तास लाईट टिकायची प्रार्थना नको. फाईल थोडी मोठी होईल. उलट करता येणाऱ्या शिक्क्यांवर वीसेक वर्षांपासून संशोधनं छापून येत आहेत, नवीन शोध लावायचा नाहीये.

हे सगळं मी त्या कंपनीच्या सपोर्टला सविस्तर लिहून पाठवलं, फ्रेमचे नमुने जोडले, आतेभावाच्या लायसनचा नंबर दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं: कृपया मूळ प्रोजेक्ट उघडून पुन्हा एक्स्पोर्ट करा. तिकीट ‘रिझॉल्व्ह्ड’. सात दिवसांत ते परत उघडता येतं. मी सहाव्या दिवशी उघडलं, फक्त एवढंच लिहून की मूळ क्लिप नाही आणि माणूसही नाही. ते अजून ‘ओपन’ आहे.